सुई अचूक पोचते, पण दुखणं कुठलं?

फेब्रुवारी 2025 मध्ये मणक्यातल्या इंजेक्शनांवर दोन निवाडे आले. महिना एकच, पण वरवर पाहता दोन्ही एकमेकांच्या विरोधात. मज्जासंस्थेच्या विकारांवर उपचार करणाऱ्या अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनं, 90 अभ्यास तपासले. नस दबल्यामुळे होणाऱ्या दुखण्यात मणक्याजवळ दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन थोड्या काळापुरतं, फार तर तीन महिने, आराम देऊ शकतं, असं तिनं सांगितलं. त्याच महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’साठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानं 81 चाचण्यांमधल्या जवळपास 8,000 रुग्णांची माहिती एकत्र केली आणि तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीसाठी ही इंजेक्शनं देऊ नयेत, अशी ठाम शिफारस केली. त्या गटात डॉक्टर आणि संशोधनपद्धतीचे जाणकार होते, तशीच वर्षानुवर्षं पाठदुखी सोसणारी माणसंही होती. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी लगेच हरकत घेतली. नाना तऱ्हेचे रुग्ण आणि नाना तऱ्हेची इंजेक्शनं एकाच मापानं मोजली, हा त्यांचा आक्षेप.

आक्षेपात तथ्य आहे. पण तो मान्य केला, तर त्याच संघटनांच्या सदस्यांच्या दवाखान्यांत रोज चाललेल्या कामावरही तोच प्रश्न उभा राहतो. कारण रुग्णांना एकाच मापानं मोजण्याचं काम संशोधकांच्या कितीतरी आधी बाह्यरुग्ण विभागात होऊन गेलेलं असतं. कंबर दुखते, एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसते, एक इंजेक्शन घेऊन बघू. या तीन वाक्यांत लाखो माणसांच्या कंबरदुखीचा निकाल लागतो.

आधी ही प्रक्रिया काय असते ते नीट पाहायला हवं, कारण तिच्याबद्दलची भीतीही खूप आहे आणि भरवसाही. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या खोलीत पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतात. टेबलाभोवती इंग्रजी ‘सी’च्या आकाराचं क्ष-किरण यंत्र फिरतं. त्याला सगळे ‘सी-आर्म’ म्हणतात. डॉक्टर आणि परिचारिका शिशाचे एप्रन घालून उभे असतात. कंबरेची त्वचा जंतुनाशकानं पुसून बधिर केली जाते आणि लांब, बारीक सुई आत सरकू लागते. डॉक्टर सुई पुढे नेतात, थांबतात, पडद्यावर पाहतात, यंत्र तिरकं करून पुन्हा पाहतात. नस मणक्याबाहेर पडते त्या भोकाशी सुईचं टोक आलं, की क्ष-किरणांत दिसणारा द्रव एक-दोन मिलिलिटर सोडतात. तो नसेच्या कडेनं पसरून पडद्यावर तिची बाह्यरेषा काढतो. द्रव क्षणात वाहून गेला, तर सुई रक्तवाहिनीत आहे हे कळतं आणि ती मागे घ्यावी लागते. रेषा मनासारखी उमटली की मग स्टिरॉइड आणि बधिर करणारं औषध. अर्ध्या तासाच्या आत काम आटोपतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो.

हे कौशल्याचं काम आहे आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. 1901 मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ-आतानाज सिकार आणि फेर्नाँ कातलँ या दोघांनी माकडहाडाच्या वरच्या फटीतून कोकेन आत सोडलं, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं ही सुई केवळ हाताच्या अंदाजानं टोचली जात होती. 1950 च्या सुमारास कॉर्टिसोन हाती आलं, त्यावरच्या कामाला नोबेल मिळालं आणि काही वर्षांतच इटली-फ्रान्समधल्या डॉक्टरांनी स्टिरॉइड मणक्यात सोडायला सुरुवात केली. तेही अंदाजानंच. 1980 मध्ये हा अंदाज क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा जवळपास चौथा हिस्सा इंजेक्शनं भलत्याच जागी पडत असल्याचं दिसलं. सी-आर्मनं ही चूक जवळजवळ संपवली. आज मणक्यात इंजेक्शन घ्यायचं असेल, तर ते पडद्यावर पाहूनच घ्यावं, याबद्दल दुमत नको.

पण यंत्रानं फक्त एवढीच चूक दुरुस्त केली. ठरवलेल्या जागी सुई पोचते की नाही, हे पडदा सांगतो. दुखणं त्या जागेतूनच येतं का, हे तो सांगत नाही. ते आधीच ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा एमआरआयच्या अहवालावरून ठरलेलं असतं.

या अहवालांचा खरेपणा पाहायचा तर ज्यांची कंबर दुखतच नाही अशा माणसांचे एमआरआय काढून पाहावेत. 1994 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 98 जणांचा असा अभ्यास छापून आला. कोणालाही पाठदुखी नव्हती. त्यांतल्या 52 टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली होती आणि सगळ्या चकत्या निर्दोष असलेले निघाले फक्त 36 टक्के. 2015 मध्ये अशाच 33 अभ्यासांमधल्या 3,110 निरोगी माणसांची माहिती एकत्र केली गेली. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या, ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. केस पिकतात तशा चकत्याही झिजतात. तरी आपल्याकडे चाळिशीतला माणूस अहवाल हातात घेऊन घरी येतो, ‘मणक्यात गॅप आलाय’ असं बायकोला सांगतो आणि त्या दिवसापासून बादली उचलायचं सोडतो. त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं, की शेजारच्या तीन घरांतल्या माणसांचा एमआरआय काढला तर तिथेही हेच लिहून येईल.

पायात उतरणारं दुखणं मात्र वेगळं. चकतीचा तुकडा बाहेर येऊन नसेवर टेकला, की कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि थेट पावलापर्यंत जाते. खोकताना, शिंकताना ती विजेसारखी चमकते. मुंग्या येतात, पावलाचा एखादा भाग बधिर होतो. इथे कोणती नस धरली आहे हे हातानं तपासूनही बऱ्यापैकी सांगता येतं आणि एमआरआयमध्येही तीच नस दबलेली दिसली तर निदान पक्कं होतं. नसेभोवती सूज असते आणि स्टिरॉइड सूज उतरवतं. त्यामुळे इथे इंजेक्शनाला काही आधार आहे.

तो आधार किती, हेही आकड्यांत पाहू. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये सायटिकाच्या, म्हणजे अशाच पायात उतरणाऱ्या दुखण्याच्या, 150 रुग्णांवर झालेली चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. पडद्यावर पाहून नसेच्या भोकाशी स्टिरॉइड दिलेल्यांपैकी 54 टक्के लोकांचं दुखणं महिनाभरानं निम्म्यानं किंवा त्याहून अधिक कमी झालं होतं. तिथेच नुसतं मिठाचं पाणी सोडलेल्यांमध्ये हे प्रमाण 19 टक्के होतं. फरक मोठा आहे, मात्र पुढच्या महिन्यांत आराम टिकून राहिलेल्यांची संख्या घटत गेली. 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं 25 चाचण्यांची बेरीज मांडली. तीत पायाच्या दुखण्यातला सरासरी फरक शंभरपैकी जेमतेम पाच गुणांचा निघाला, आणि तोही थोड्या काळापुरता. त्याच्या कितीतरी आधी, 1997 मध्ये, कॅनडातल्या 158 रुग्णांच्या चाचणीत स्टिरॉइड घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही गट वर्षभरानं पाहिले, तेव्हा दोहोंतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला शस्त्रक्रिया करावी लागली होती. त्या चाचणीत सुई पडद्यावर पाहून दिली नव्हती, हे खरं. पण दुखणं कमी होणं आणि शस्त्रक्रिया टळणं या दोन गोष्टी एकच नाहीत, हे तिथे दिसलं आणि डॉक्टरांनी रुग्णाला ते सांगायला हवं.

कंबरेतच अडकलेल्या, पायात न उतरणाऱ्या जुन्या दुखण्यासाठी एवढाही आधार सापडत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं 2016 च्या मार्गदर्शिकेत सरळ लिहिलं, की कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शनं देऊ नयेत. पायाच्या तीव्र आणि नव्या दुखण्यासाठी मात्र त्यांचा विचार करता येईल, अशी वाट तिनं ठेवली. उतारवयात मणक्याची नळी अरुंद झाल्यानं चालताना पाय भरून येतात. त्यासाठीही हे इंजेक्शन सर्रास दिलं जातं. 2014 मध्ये अमेरिकेत अशा 400 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना स्टिरॉइडसह बधिर करणारं औषध दिलं, निम्म्यांना नुसतं बधिर करणारं. सहा आठवड्यांनी दोन्ही गट जवळजवळ सारखेच होते.

मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांकडे जाणारे मज्जातंतू उष्णतेनं जाळण्याचा उपचारही आता मोठ्या शहरांत मिळतो. नेदरलँड्समध्ये 681 रुग्णांना सारखाच व्यायाम देऊन काहींवर हा उपचारही केला. 2017 मध्ये निकाल आला: व्यायामावर उपचाराची भर घालून मोजण्याजोगा फायदा झाला नाही. या उपचाराच्या बाजूचे डॉक्टर म्हणतात, की त्या चाचणीत रुग्ण नीट निवडले नव्हते. शक्य आहे. कोणता सांधा दुखतो हे ठरवण्यासाठी तो आधी बधिर करून पाहतात, आणि एकदाच केलेल्या अशा तपासणीवरून काढलेलं निदान साधारण तीनात एकदा फसतं, हे 1990 च्या दशकातच दाखवून दिलं गेलं आहे. नाइसनं या उपचाराला पूर्ण नकार दिलेला नाही, पण आधीचे उपाय थकलेले असणं, दुखणं बऱ्यापैकी तीव्र असणं आणि बधिर करून पाहिल्यावर आराम पडलेला असणं अशा अटी घातल्या आहेत. या अटी पाळून किती ठिकाणी काम होतं, हा प्रश्न प्रत्येक पेन क्लिनिकनं स्वतःला विचारावा.

मग इतके लोक ‘मला इंजेक्शननं बरं वाटलं’ असं का सांगतात? ते खोटं बोलत नाहीत. कंबरदुखी लाटांसारखी चढते-उतरते आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो लाट सर्वांत उंच असताना. त्यानंतर काहीही केलं तरी उतार यायचाच असतो. बाहेर आलेला चकतीचा तुकडाही बहुतांश रुग्णांमध्ये काही महिन्यांत आपोआप आक्रसतो, शरीर त्याला शोषून घेतं. शस्त्रक्रियेची खोली, पडदा आणि ‘आता बरोबर जागेवर औषध गेलं’ असं सांगणारे डॉक्टर यांचाही परिणाम होतोच. हा परिणाम खोटा म्हणून हिणवण्याचं कारण नाही. पण त्याच्यासाठी मणक्यात सुई घालायची का, एवढं विचारायलाच हवं.

कारण धोका अगदी नगण्य नाही. गुंतागुंत क्वचित होते, पण होते तेव्हा ती भयंकर असू शकते. एप्रिल 2014 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं इशारा दिला, की मणक्यात दिलेल्या स्टिरॉइडनंतर विरळ प्रसंगी दृष्टी जाणं, मेंदूचा झटका (स्ट्रोक), अंग लुळं पडणं आणि मृत्यूही घडले आहेत. या वापरासाठी स्टिरॉइडला आपली मान्यता नाही, हेही तिनं स्पष्ट केलं. नसेच्या भोकातून मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी जात असेल आणि औषधात कण असतील, तर ते कण धमनी बंद करू शकतात. म्हणून तिथे कण नसलेलं डेक्सामेथासोन वापरावं, असा आग्रह आता जाणकार धरतात. आपल्याला कोणतं औषध देणार आहेत, हे किती रुग्णांना ठाऊक असतं?

2012 चं प्रकरण तर प्रत्येकाला माहीत असायला हवं. त्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठ रुग्णालयात मेंदूज्वराचा एक रुग्ण नेहमीच्या औषधांना दाद देईना. डॉ. एप्रिल पेटिट यांना त्याच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात बुरशी सापडली. धडधाकट माणसाच्या मेंदूच्या आवरणाला बुरशी लागावी कशी? रुग्णानं काही आठवड्यांपूर्वी कंबरेत स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं होतं. पेटिट यांनी राज्याच्या आरोग्य विभागाला कळवलं आणि तपासाचा माग मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटर या औषध बनवणाऱ्या कंपनीपर्यंत गेला. तिच्या दूषित कुप्यांतलं औषध जवळपास 14,000 लोकांना टोचलं गेलं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदीत 20 राज्यांतले 753 रुग्ण आणि 64 मृत्यू आहेत. कंपनीचा प्रमुख बॅरी कॅडन पुढे तुरुंगात गेला. सुई टोचणाऱ्या डॉक्टरांच्या हाताची यात काही चूक नव्हती. पण त्या हजारोंपैकी किती जणांना मुळात त्या इंजेक्शनाची गरज होती, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे दोन धोके आणखी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 च्या अहवालानुसार देशात 10 कोटींवर माणसांना मधुमेह आहे, आणि मणक्यात दिलेलं स्टिरॉइड रक्तातली साखर काही दिवस चढवतं. दुसरा धोका मणक्याच्या क्षयाचा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. रात्री झोपू न देणारी कंबरदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत गेलेलं वजन असं काही असेल आणि ते न विचारताच स्टिरॉइड दिलं, तर जंतूंना रान मोकळं मिळतं.

महाराष्ट्रात कंबर कोणाची दुखते हेही पाहायला हवं. वाशीच्या बाजारात 50 किलोची गोणी पाठीवर घेणारा माथाडी, फडात दिवसभर वाकून कोयता चालवणारी ऊसतोड मजूर, चिखलात उभी राहून भात लावणारी कोकणातली बाई, रिक्षावाला, एसटीचा चालक, हिंजवडीत दहा-दहा तास खुर्चीत बसणारा तरुण. यांच्या दुखण्याचा मोठा भाग कामातून येतो. सुईनं दुखणं तीन आठवडे दबलं आणि माथाडी पुन्हा गोणीखाली गेला, तर त्या तीन आठवड्यांत काय साधलं? त्या काळात त्याला पाठीचे स्नायू बळकट करायला शिकवलं असतं, वजन उचलायची पद्धत बदलून दिली असती, तर इंजेक्शनाचा खर्च सार्थकी लागला असता. सायटिकानं लोळवलेल्या माणसाला इंजेक्शन द्यावं ते याचसाठी, की त्याला उठून हालचाल सुरू करता यावी. इंजेक्शनाचं खरं काम एवढंच आहे आणि ते मोलाचं आहे.

पण पैशाची व्यवस्था नेमकी उलटी आहे. बहुतेक आरोग्य विमा योजना रुग्णालयात दाखल होऊन किंवा एका दिवसात होणाऱ्या प्रक्रियेचे पैसे देतात. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचे सहसा देत नाहीत. फिजिओकडे आठवड्यातून दोनदा, तीन महिने जायचं तर खिशातून खर्च आणि दर वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची. अशा वेळी रुग्ण सुईकडे वळला, तर दोष त्याचा नाही. डॉक्टरांनाही वीस मिनिटं बसून समजावण्याचे पैसे कोणी देत नाही, प्रक्रियेचे मात्र मिळतात.

व्यायामामागचा पुरावा काही चमत्कार सांगत नाही, पण तो प्रामाणिक आहे. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 701 माणसांचा अभ्यास आला. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखू लागेपर्यंतच्या दिवसांचा मध्यक 208 होता, इतरांचा 112. चालायला यंत्र लागत नाही, बधिर करणारं औषधही नाही. लागतो तो फक्त चार-सहा वेळा भेटून धीर देणारा जाणकार माणूस. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत असा माणूस नेमणं आणि त्याच्या भेटींचा खर्च विम्यात धरणं, ही मागणी राज्य सरकारकडे आणि विमा नियामकाकडे जोरानं लावून धरायला हवी.

तोवर रुग्णांनी डॉक्टरांना काही प्रश्न विचारावेत. दुखणं पायाचं आहे की कंबरेचं? तपासणीत सापडलेली नस आणि एमआरआयमधली नस एकच आहे का? कोणतं औषध देणार, त्यात कण आहेत का? आराम किती दिवसांचा अपेक्षित आहे आणि त्या दिवसांत मी काय करायचं? नाही घेतलं तर काय होईल? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाहीत. पहिल्या इंजेक्शननं काही फरक पडला नसेल, तर तीनचा ‘कोर्स’ पुरा करायचा म्हणून दुसरं घेऊ नका. कंबरदुखी जुनी असेल, पायात उतरत नसेल आणि कोणी मणक्यात इंजेक्शन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. मात्र पावलातली ताकद झपाट्यानं जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवी तुंबली असेल किंवा तिच्यावरचा ताबा सुटला असेल, तर इंजेक्शन घ्यायचं की नाही या चर्चेत एक तासही घालवू नका. त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात पोचा.